सहलीतले पुणे

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की बाहेरगावच्या महाविद्यालयांतून दूरध्वनी येऊ लागतात. बोलणारे बहुधा मराठीचेच प्राध्यापक असतात आणि प्रश्नही ठरलेला असतो. "सर, आमची चाळीस-पंचेचाळीस मुले पुण्याला येताहेत. एका दिवसात काय काय दाखवता येईल?" गेली पंधरा वर्षे मी या प्रश्नाला एकच यादी सांगत आलो आहे. शनिवारवाडा, लालमहाल, दगडूशेठ गणपती, केळकर संग्रहालय, पर्वती, सारसबाग, वेळ उरला तर आगाखान पॅलेस, मुलांचा हट्ट असेल तर कात्रजचे प्राणिसंग्रहालय. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची परिवहन सेवा २००७ मध्ये एक झाल्या, बसचे रंग बदलले, पण 'पुणे दर्शन' म्हणून जे काही दाखवले जाते त्याच्या क्रमात फारसा फरक पडला नाही. माझ्या यादीतही पडला नाही. ती मी कधी तपासून पाहिली नाही, हे आज कबूल केले पाहिजे.

तपासण्याची वेळ आली ती मराठवाड्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयाच्या सहलीमुळे. त्यांच्या विभागप्रमुख मॅडम माझ्या एम.ए.च्या वर्गातल्या. त्यांच्या आग्रहामुळे मी दिवसभर बसमधून फिरलो. पुण्यात राहणारा माणूस पुणे दर्शनाच्या बसमध्ये सहसा चढत नाही. पाहुण्यांना बसवून देतो आणि संध्याकाळी 'कसे वाटले?' एवढे विचारतो. या अलिप्ततेत थोडी ऐट असते. तिच्याविषयी पुढे लिहायचे आहेच.

सकाळी शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत, १८२८ मध्ये आग. आज उरले आहेत ते तट, दरवाजे, कारंजी आणि जोती. दिल्ली दरवाज्यातून आत गेल्यावर मुलांना पाहायला हिरवळ मिळते आणि ऐकायला नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट. ३० ऑगस्ट १७७३ ची ही घटना गाईडने मोठ्या रंगात सांगितली. किंकाळी, अमावास्या, रात्री ऐकू येणारा आवाज, सगळे आले. 'ध'चा 'मा' देखील आला. मराठीच्या विद्यार्थ्यांपुढे ही गोष्ट निघावी आणि तेवढ्यावरच संपावी याचे मला वाईट वाटले. एका अक्षराच्या बदलाने आज्ञेचा अर्थ फिरतो आणि माणूस मरतो, अशी आख्यायिका ज्या भाषेत रूढ होते त्या भाषेच्या विद्यार्थ्याला पाठभेद म्हणजे काय हे याहून चांगले कुठे शिकवता येईल? ही आख्यायिका आहे, तिला पुरावा नाही, मग ती आनंदीबाईंच्याच नावावर का चिकटली आणि अडीचशे वर्षे का टिकली, हा प्रश्न तिथेच हिरवळीवर बसून विचारता आला असता. पेशवे दप्तरातील असंख्य मोडी कागद याच शहरात आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत सिद्ध केले. हे मी बोलायला तोंड उघडले तोवर शिटी वाजली. वीस मिनिटे झाली होती.

लालमहालाविषयी थोडक्यात लिहितो. शिवरायांचे बालपण, ५ एप्रिल १६६३ चा शाएस्तेखानावरील छापा, हे सारे त्या परिसराशी निगडित आहे. वास्तू मात्र महानगरपालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे. यात कमीपणा काही नाही. मूळ संहिता हरवली म्हणून कोणी नवी आवृत्ती काढली तर आपण तिचे स्वागतच करतो. फक्त मुखपृष्ठावर तसे छापावे, एवढीच अपेक्षा असते. आमच्या गाईडने ते छापले नाही. मुले भिंतीला हात लावून नमस्कार करीत होती. त्यांना सांगावे की नाही हे मला कळेना आणि शेवटी मी सांगितले नाही.

त्यानंतर दगडूशेठ. दर्शनाची रांग लांब होती, म्हणून रस्त्यावरूनच हात जोडण्याचे ठरले. पंचेचाळीस विद्यार्थी मूर्तीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांच्या पाठीमागे रस्त्यापलीकडे भिडेवाड्याची जागा होती. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती याच वाड्यात. न्यायालयीन वाद वर्षानुवर्षे चालला. वाडा मोडकळीस येत गेला आणि राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. त्या पंचेचाळीसांत एकतीस मुली होत्या. मी त्यांना मागे वळायला सांगितले. "सर, इथे काय आहे?" एकीने विचारले. तो वाडा उभा होता तेव्हा माझ्या यादीत नव्हता, मग आता या प्रश्नाला मी कोणत्या तोंडाने उत्तर देणार होतो? तरी सांगितले. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती, हेही सांगितले. निबंधाचे नाव त्यांना ठाऊक होते, त्यांच्या अभ्यासक्रमात तो आहे. तो याच शहरात लिहिला गेला हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते. पुस्तकात गाव नसतेच. असतो तो फक्त सनावळीचा कंस.

केळकर संग्रहालयात आम्हाला पाऊण तास मिळाला, आणि दिवसातला सर्वांत चांगला वेळ तोच होता. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या आणि संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले, एवढे प्रवेशद्वारापाशी कळते. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. परंतु हेच केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, रविकिरण मंडळाच्या काळातील काव्यरसिकांना ते नाव चांगले परिचित होते, हे कोणी सांगत नाही. कवीने अडकित्ते का जमवावेत? मला वाटते, शब्द जमवणाऱ्यानेच ते जमवावेत. अडकित्ता, वज्री, दौत, चंची, पानडबा, लामणदिवा. आमच्या वर्गात हे शब्द आता तळटीप घेऊन येतात. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी शिकवताना मी दर पानाला दोन शब्द फळ्यावर लिहून त्यांचा अर्थ सांगतो. मुले तो उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. इथे मात्र एक मुलगा वज्रीपुढे थांबला आणि म्हणाला, "ही आमच्या आजीकडे आहे. पण आम्ही तिला दगडच म्हणतो." आजीकडे वस्तू उरली, शब्द गेला. आमच्याकडे शब्द उरला, वस्तू गेली. त्या मुलाला आणखी पाहायचे होते. पण मस्तानी महालाचे दालन राहिले होते आणि सगळ्यांना तेच हवे होते, चित्रपटामुळे.

आता पर्वती. या लेखाचे खरे कारण तीच आहे.

नानासाहेब पेशव्यांनी उभारलेले देवदेवेश्वराचे मंदिर, पानिपतानंतर १७६१ मध्ये तिथेच झालेला त्यांचा अंत, वरून दिसणारे शहर. गाईडचे भाषण पायथ्याशीच झाले. पायऱ्या चढता चढता एक विद्यार्थिनी माझ्या शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "सर, सत्याग्रह झाला ती पर्वती हीच का?"

हीच. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी या पायऱ्यांवर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्यात अग्रभागी होते. एस. एम. जोशींसारखे तरुणही सामील होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. मंदिर उघडले नाही. हे कांबळे म्हणजे १९०८ पासून पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक चालवणारे संपादक. दलित नियतकालिकांवरचे प्रकरण शिकवताना दरवर्षी त्यांचे नाव मी घेतो. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, म्हणजे पर्वतीच्या नंतरचा, हेही मी वर्गात सांगतो. आणि तोच मी पंधरा वर्षे दूरध्वनीवर 'पर्वती: देवळे आणि पेशवे संग्रहालय, एक तास' असे सांगत आलो.

मी तिला सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमच्या घरी माहीत आहे. आजोबा सांगायचे. मला फक्त जागा बघायची होती." वर पोचल्यावर बाकीच्या मुली छायाचित्रे काढत होत्या. ती अर्ध्या वाटेवरच्या कठड्याशी थांबली होती. तिने विचारले नसते तर मी काही बोललो नसतो, हा विचार मला परतताना सोडीना.

या अनुभवानंतर सामूहिक सहलींची टिंगल करणारा लेख लिहिणे सोपे होते. पुणेकराला ते जमतेही. अर्ध्या तासात शहर उरकणारी बस, डबे, शिट्या, टोप्या. पण तशी टिंगल मला अन्यायाची वाटते. ज्या मुलींना एकटीने पुण्याला कोणी पाठवणार नाही, त्या या बसमुळे येतात. सहलीची वर्गणी कापसाच्या पैशातून आलेली असते. 'खरे शहर पायी पाहावे' हा उपदेश ज्याला इथेच राहायचे आहे त्याने करू नये. वारसा फेऱ्या चांगल्याच असतात, मीही त्यांत गेलो आहे, पण रविवारी सकाळी सातला कसब्यात हजर राहणे हे परगावच्या विद्यार्थ्याला जमणारे नाही. बस हवीच. माझे भांडण बसशी नसून यादीशी आहे, आणि यादी आम्हीच देतो.

यादी वाढवावी, असेही माझे म्हणणे नाही. आमच्या विभागातील एका सहकाऱ्याने उत्साहाने 'साहित्यिक पुणे' नावाची वेगळी यादी केली. १९०६ ची महाराष्ट्र साहित्य परिषद, हरिभाऊंचा आनंदाश्रम, भारत इतिहास संशोधक मंडळ, महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, केसरीवाडा, शिवाय महापालिकेने लेखकांच्या घरांवर लावलेले निळे फलक. यादी निर्दोष आहे. पण पंचेचाळीस मुलांनी एका फलकाखाली उभे राहून काय करायचे? लेखकाच्या घराची भिंत ही भिंतच असते. आनंदाश्रमात जाऊन 'पण लक्षात कोण घेतो'ची दोन पाने मोठ्याने वाचली तर गोष्ट वेगळी. त्याला वेळ लागतो, आणि वेळ मिळायचा तर बाकीची सहा ठिकाणे गाळावी लागतात. गाळायला कोणी तयार होत नाही. पैसे भरले आहेत ना!

माझ्या एका नातेवाइकांनी चीनची सहल केली. शिआनमध्ये त्यांनी मातीच्या सैनिकांची शेकडो छायाचित्रे काढली. ते शिल्पसैन्य १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडले, तेव्हा कुतूहल स्वाभाविकच. एका छायाचित्रात पाठीमागे एक मोठा मनोरा दिसला. तो काय आहे हे त्यांना सांगता आले नाही, कारण तिथे बस फक्त चहासाठी थांबली होती. मी पाहिले तर तो सातव्या शतकातला, ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांच्या जतनासाठी उभारलेला पॅगोडा. हा गृहस्थ पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता. डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन त्याने केले आहे, ते अजिंठ्याचे असावे असे मानतात. पण आपल्याविषयी त्याने आवर्जून नोंदवले ते लोकांच्या स्वभावाबद्दल: उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात. एवढे कळायला तो किती दिवस थांबला असेल? आणि त्याच्या मनोऱ्यापुढे आपल्यातला कोणी चहा पिऊन परत येतो. या गोष्टीवर मी नातेवाइकांना हसलो, तेव्हा भिडेवाड्याकडे पाठ केलेली ती रांग अजून घडायची होती.

या वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा दूरध्वनी आला. मी तीनच ठिकाणे सांगितली. सकाळी केळकर संग्रहालय, अडीच तास, प्रत्येकाने वही घेऊन, न समजलेल्या वस्तूंची नावे लिहून. दुपारी भिडेवाड्याच्या जागेपासून गंज पेठेतल्या फुलेवाड्यापर्यंत पायी, वाटेत कुठेतरी बसून मुक्ता साळवेंचा निबंध वाचायचा. संध्याकाळी पर्वती, आणि नानासाहेबांबरोबर १९२९ सुद्धा सांगायचे, चढताना, वर पोचल्यावर नव्हे.

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग मॅडम म्हणाल्या, "सर, पटते आहे. पण शनिवारवाडा नाही म्हटल्यावर मुलांचे आईवडील विचारतील, मग पुण्याला गेला होतात तरी कशाला."

मी म्हटले, सकाळी साडेआठला दिल्ली दरवाज्यापाशी या, मी तिथे असेन. 'ध'चा 'मा' मी सांगतो. फक्त गाईड घेऊ नका, आणि शिटी बसमध्येच ठेवा.