श्रमदान दोघांचे, सातबारा एकाचा

हिवरे बाजारच्या ग्रामसभेने जमिनीबाबत एक ठराव केला आणि तो निष्ठेने पाळला: गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आले. डोंगरउतारावर चर खोदले गेले, शेतीसाठी बोअरवेल बंद झाली, ऊस-केळी बंद झाली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. ज्या माळरानाला कोणी विचारत नव्हते त्याला मोल आले. ते मोल श्रमदानाचे आहे, आणि नगरच्या दुष्काळी पट्ट्यात श्रमदान म्हणजे घरटी नवरा आणि बायको दोघांच्याही हातातले घमेले. मग अशा कोणत्याही गावात एखादे जोडपे वेगळे झाले, तर वाढलेल्या मोलात तिचे किती?

कायद्याचे उत्तर ऐकायला कठोर आहे. हिंदू विवाह कायद्यात, लग्नानंतर दोघांच्या कष्टाने उभ्या राहिलेल्या मालमत्तेची वाटणी करणारे कलमच नाही. कलम २७ लग्नात दोघांना मिळालेल्या भेटवस्तूंपुरते. स्त्रीधन तिचे. सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिला, पण तो राहण्याचा, मालकीचा नव्हे. बापलेकांत वाटणी झाली तर आपल्याकडच्या परंपरेने आईला मुलाइतका हिस्सा मिळतो. मात्र ती वाटणी तिला स्वतःहून मागता येत नाही.

हे आजचे नाही. १८२७ साली आर्थर स्टील याने मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सांगण्यावरून दख्खनमधल्या जातींचे रिवाज नोंदवले. काडीमोड आणि पाट या गोष्टी शेतकरी-कारागीर जातींत सर्रास होत्या. अनेक ठिकाणी दुसरा नवरा पहिल्याचा लग्नखर्च भरून देई आणि पंच सोडचिठ्ठी मान्य करत. बाई मोकळी होई, पण शेत, घर आणि बहुधा मुलेही मागे सोडून. इंग्रजी न्यायालयांनी तर तो मोकळेपणाही आक्रसला. रखमाबाईंवर १८८४ साली त्यांच्या नवऱ्याने नांदायला येण्याचा दावा लावला, आणि १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असे सांगितले. १८८८ साली पैसे देऊन तो दावा मिटला. पुढे शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापुरात आणि सयाजीरावांनी १९३१ साली बडोद्यात घटस्फोटाला कायद्याचे रूप दिले. मुंबई प्रांताचा कायदा १९४७ चा, देशाचा १९५५ चा, परस्परसंमतीचे कलम १९७६ चे. दीडशे वर्षे आपण भांडलो ते दार उघडण्यासाठी. दाराबाहेर पडणाऱ्या बाईच्या हाती काय असेल, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो चव्हाट्यावर आणला हिवरे बाजारच्याच जिल्ह्याने. २० मार्च १९८८ रोजी संगमनेरात ॲड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली. त्या बायकांना नवऱ्यांनी सोडचिठ्ठीही दिली नव्हती; नुसते टाकले होते. न्यायालयात जाऊन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली, तरी त्या काळी दंडाधिकारी महिन्याला ५०० रुपयांहून जास्त देऊ शकत नव्हते. ती मर्यादा २००१ साली उठली. एवढ्या रकमेसाठी वर्षानुवर्षे तारखा, एसटीचा खर्च आणि वर गावाची कुजबुज! २०२० साली, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. हा मोठा दिलासा आहे. तरीही शेतीचे उत्पन्न कागदावर येत नाही, आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर असला की नवरा कोर्टात भूमिहीन ठरतो.

मुलांच्या ताब्याचा निकालही इथेच अडतो. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे, आणि सर्वांवर मुलाचे हित, असे १९५६ चा हिंदू पालकत्व कायदा म्हणतो. पण भावाच्या घरात एका खोलीत राहणाऱ्या आईपुढे मळ्यातले घर, शाळा आणि आजी-आजोबा दाखवणारा बाप उभा राहिला की हिताचे पारडे कुठे झुकते, हे वेगळे सांगायला नको. म्हणून मला पोटगी, ताबा आणि मालमत्ता हे तीन वेगळे वाद वाटतच नाहीत. जमिनीचा वाद सुटला तर उरलेले दोन निम्मे सुटतात.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्याने, वेगळा करार नसेल तर, लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते, आणि विकताना बायकोची सही लागते. उरलेल्या देशासाठी असेच काहीसे करू पाहणारे विवाहकायदा दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि पुढच्या वर्षी लोकसभेबरोबर विरून गेले. त्यानंतर दिल्लीत कोणी ते पुन्हा नेटाने मांडलेले नाही.

दिल्लीची वाट पाहायची गरजही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि असंख्य शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. आज बायकोला शेतजमिनीचे बक्षीसपत्र करून द्यायला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी वाटणी करावी लागेल, आणि नुसती सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागेल. पण पाणी किती उपसायचे हे ज्या ग्रामसभेने स्वतः ठरवले, लग्नाआधी एचआयव्ही तपासणीचा नियम ज्या गावाने केला, त्याला हे अवघड नाही. हिवरे बाजारने बायकोच्या नावे जमीन करण्याचा ठराव घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

त्यात एक ओळ आवर्जून लिहावी. न्यायालयाने एखाद्या बाईला जमिनीचा तुकडा दिला, किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगीचा बोजा जमिनीवर चढवला, तर माहेरी परतली म्हणून तिला ‘बाहेरची’ धरू नये. कारण तिच्या मुलामुलींचा जन्महक्क तिच्या सासरच्या वडिलोपार्जित शेतात तसाच कायम असतो.