पाण्याची परीक्षा माशाच्या नाकाने

इंदूरच्या सुदामा नगरातला माणूस सिरपूर तलावावर फिरायला गेला, की पाण्याची पारख दोनच गोष्टींवरून करतो. कचरा तरंगतो आहे का आणि दुर्गंधी येते आहे का? दोन्ही नसले की तलाव स्वच्छ. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेल्या इंदूरला ही सवय जडली, यात नवल नाही. पण जे त्याच पाण्यात जन्मतात आणि मरतात, त्यांची पारख वेगळी आहे.

माशाला नाक असते, पण ते श्वासासाठी नसते. श्वासाचे काम कल्ले करतात. माशाच्या प्रत्येक नाकपुडीला बहुधा दोन तोंडे असतात. पुढच्या तोंडातून पाणी आत शिरते, मागच्यातून बाहेर पडते. मधल्या पोकळीत फुलाच्या पाकळ्यांसारख्या नाजूक घड्या असतात आणि वास ओळखणाऱ्या पेशी त्यांवरच असतात. हवेत उडणारे तेवढेच आपल्या नाकाला कळते. माशाला मात्र पाण्यात विरघळलेले कळते. आपल्याला ज्या पाण्याला कसलाही वास येत नाही, त्यातले अमिनो आम्लांचे सूक्ष्म अंश त्याला अन्नाचा पत्ता देतात. गढूळ पाण्यात रात्री चरणारा मांगूर डोळ्यांपेक्षा नाकावर आणि मिशांवर जास्त विसंबतो. पिठाच्या गोळीत वासाचा जिन्नस मळणाऱ्या गळवाल्याला हे कुणी शिकवावे लागत नाही.

वासाने भूक भागते, तसा जीवही वाचतो. मधमाश्यांच्या नृत्यामुळे नावाजलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली मिनो या छोट्या माशाविषयी एक निरीक्षण मांडले. जखमी मिनोच्या कातडीतून पाण्यात असे काही मिसळते, की त्याचा वास लागताच सगळा थवा उधळतो. अमेरिकेत आर्थर हॅस्लर यांना डोंगर चढताना रानफुलांचा आणि शेवाळाचा वास आला आणि त्यांचे बालपण झर्रकन डोळ्यांपुढे उभे राहिले. समुद्रातून परतणारा सॅमन मासाही आपल्या जन्माचा ओढा असाच ओळखत असेल का, असे त्यांना वाटले. १९५१ मध्ये त्यांनी वॉरन विस्बी यांच्यासह हा विचार मांडला. पुढे मिशिगन सरोवरातल्या प्रयोगांत तो खरा ठरला: लहानपणी ज्या रसायनाच्या वासात पिल्ले वाढवली, ते रसायन सोडलेल्या ओढ्याकडे ती मोठेपणी वळली.

हे नाक फार सहज बधिर होते. एका लिटर पाण्यात तांब्याचे मोजके मायक्रोग्रॅम विरघळले, तरी कोहो सॅमनच्या पिल्लांची वास घेण्याची शक्ती थोड्याच वेळात खालावते, असे अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे आपण निर्धास्त पिऊ अशा पाण्यातही एखादा मासा आंधळ्यासारखा चाचपडू शकतो. तो मरून तरंगत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. मेक्सिकोतल्या स्वोर्डटेल माशांच्या माद्यांवर झालेला २००६ चा प्रयोग तर मन विषण्ण करतो. सांडपाणी आणि शेतांतून येणाऱ्या पाण्याबरोबर वाढणारे ह्युमिक आम्ल पाण्यात जास्त झाले आणि माद्यांना आपल्याच जातीच्या नराचा वास ओळखता येईना.

सिरपूर वाचला तो माणसांच्या चिकाटीमुळे. चित्रकार-छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’ या संस्थेने तो तलाव अनेक वर्षे जपला. २०२२ मध्ये सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशय, दोन्ही आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आले. त्याआधी २०२१ मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले होते. हा मान कष्टाचा आहे, त्याचा अभिमान रास्तच. पण जलपक्षी मोजायला सकाळी दुर्बीण घेऊन माणसे जमतात. माशाला काय जाणवते, हे विचारायला कुणी जमत नाही.

ते विचारणे अवघड नाही. पहिल्या पावसाबरोबर रस्त्यावरची धूळ पाण्यात वाहून येते, त्यात गाड्यांच्या ब्रेकमधून झिजलेले तांबेही असते. म्हणून पावसाळ्याआधी आणि पहिल्या सरींनंतर तलावातले विरघळलेले तांबे आणि डिटर्जंट मोजावे, आकडे लोकांसमोर ठेवावेत. पाण्यातले सेंद्रिय द्रव्य तांब्याला बांधून ठेवते, त्यामुळे परदेशातला आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. इथल्याच पाण्यात पाहावे लागेल. झेब्राफिश हा मूळचा आपल्याच ओढ्यांतला मासा. दोन फाट्यांच्या काचपात्रात एका बाजूने खाद्याचा अर्क सोडायचा आणि तलावाच्या पाण्यात ठेवलेला हा मासा तिकडे वळतो का, हे पाहायचे. १८९१ मध्ये सुरू झालेल्या इंदूरच्या होळकर विज्ञान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग एका सत्रात जमेल, आणि सुदामा नगरातल्या शाळकरी मुलांना तो बघायला बोलावता येईल.