परिषदेचे पाहुणे आणि विजयदुर्गाची खरी कथा



दिनांक ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे जे १२ दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, त्यांत आपल्या देवगड तालुक्यातील विजयदुर्ग आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु या बहुमानाबरोबर जी जबाबदारी तालुक्याच्या पदरी पडली, तिचा विचार गांभीर्याने झालेला दिसत नाही. आंबा बागायत, मत्स्यव्यवसाय, अध्यापन अशा नाना विषयांवरील परिषदांच्या निमित्ताने देवगड-जामसंड्यास परगावची जाणती मंडळी येतात, आणि समारोपानंतर त्यांना किल्ला दाखवण्याचा कार्यक्रम बहुधा ठरलेलाच असतो. भोजन आटोपून मोटार निघते, सुमारे ३० किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता कापून ती किल्ल्याच्या दाराशी लागते, दरवाजापाशी छायाचित्रे निघतात, कोणी दोन-चार वाक्ये सांगतो, आणि अर्ध्या तासात परतीची घाई सुरू होते. माझे म्हणणे असे की, या पाहुण्यांना किल्ला पायी, सकाळच्या वेळी आणि अभ्यासू स्थानिक मार्गदर्शकाच्या सोबतीने दाखवावा. आणि त्याहूनही महत्त्वाचे हे की, त्या मार्गदर्शकाने सांगितलेला प्रत्येक शब्द खरा असावा.

हा दुसरा मुद्दा मी का धरून बसलो आहे, ते सांगतो. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून जे चौथरे दाखवतात, त्यांवर उभे राहून सर नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध लावला, असे येथे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या ग्रहणाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी गुंटूर येथून घेतले, लेफ्टनंट हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडीतून घेतले. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होते, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी तेथूनच, ग्रहणाविना, त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मेल्पोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी धरून त्यांनी येथे वेध घेतले. ओट्यांचा संबंध या मुक्कामाशी जोडणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

यावर माझे काही स्नेही म्हणतात की, लोकांच्या तोंडी रुळलेली आणि गावाला नावलौकिक देणारी कथा मोडून काय साधणार? मला हा आक्षेप मुळातच मान्य नाही. जे हेलियम लॉकियर यांनी सूर्यावर आहे असे म्हटले आणि ज्याविषयी अनेक विद्वानांनी शंका घेतली, ते १८९५ साली रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांना पृथ्वीवर प्रयोगशाळेत सापडले. आणि त्यानंतर अवघ्या ३ वर्षांनी, आपले अनुमान खरे ठरल्याचे समाधान उराशी घेऊन तो वृद्ध शास्त्रज्ञ वाघोटन खाडीच्या मुखाशी येऊन राहिला. ही कथा प्रचलित कथेपेक्षा तसूभरही उणी नाही. शिवाय परिषदेला येणाऱ्यांत एखादा पदार्थविज्ञानाचा अध्यापक असतोच. त्याने घरी जाऊन ग्रंथ उघडला आणि आपण सांगितलेले खोटे ठरले, तर किल्ल्याविषयी सांगितलेल्या उरलेल्या सर्व गोष्टींवरचा त्याचा विश्वास उडतो.

आणि उरलेल्या गोष्टी काय थोड्या आहेत? शिलाहार राजा भोज याचे हे स्थान शिवछत्रपतींनी आदिलशाहीकडून घेतले, पुढे आंग्र्यांनी ते आरमाराचे मुख्य ठाणे केले, हे सगळे सांगतात. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्रमार्गे येऊन हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांची फौज जमिनीकडून इंग्रजांच्या साहाय्यास उभी होती, आणि मराठ्यांचे एक उत्कृष्ट आरमार त्या दिवशी आपल्याच बंदरात जळून गेले, हे सांगताना मार्गदर्शकाचा आवाज खाली येतो. येऊ नये. दर्याकडील तटाच्या जांभ्या दगडावर तोफगोळ्यांचे वण आजही दिसतात. पाहुण्याला तेथे उभे करून, बोट त्या खळग्यावर ठेवू देऊन हा प्रसंग सांगितला, तर तो जन्मभर विसरणार नाही. पुढे तहान्वये किल्ला इंग्रजांकडून पेशव्यांकडे आला व आरमाराचा सुभा धुळपांकडे गेला, तो भाग तर गिर्ये येथील जुन्या गोदीच्या आणि रामेश्वर मंदिराच्या खडकात खोदलेल्या वाटेवरून चालतच समजून घ्यावा. मोटारीच्या खिडकीतून ही वाट दिसत नाही.

पुण्यामुंबईस अशा वारसाफेऱ्या रूढ झाल्या आहेत. आपणांस त्यांची नक्कल करण्याचे कारण नाही, पण त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे. एका तुकडीत २० हून अधिक माणसे नसावीत. मार्गदर्शक विजयदुर्ग-गिर्ये परिसरातील तरुण-तरुणी असाव्यात, त्यांचे मानधन परिषदेच्या वर्गणीतच धरावे, आणि त्यांनी सांगावयाची हकिगत इतिहासाच्या अभ्यासकांकडून तपासून, पुरातत्त्व खात्याच्या संमतीने कायम करावी. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांच्यासाठी देवगडच्या बंदरापासून देवगड किल्ल्यावरील १९१५ सालच्या दीपगृहापर्यंतची फेरी पुरे.

येता आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी नगरपंचायत, विजयदुर्ग ग्रामपंचायत आणि परिषदा भरवणाऱ्या संस्था यांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावे, आणि आरंभ म्हणून ओट्यांपाशी १८९८ हे साल असलेला फलक उभारावा, अशी आपल्या पत्राद्वारे माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक
जामसंडे, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग