पंगतीला कोणती तबकडी?



दिवाळी जवळ आली की वेस्ट विंडसरमध्ये शनिवारच्या जेवणावळी सुरू होतात. कामांची वाटणी आठ दिवस आधी फोनवर ठरते. मसालेभात कोणी करायचा, श्रीखंड कोणी, कागदी ताटल्या कोणी आणायच्या. संगीत मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. ऐन वेळी कोणीतरी खिशातला फोन स्पीकरला जोडतो आणि सिनेमाची गाणी रात्री अकरापर्यंत वाजत राहतात. कोणी ऐकत नाही आणि कोणी बंदही करत नाही.

आमचे म्हणणे असे, की गाणी निवडण्याचे कामही मसालेभातासारखे एका घराकडे सोपवावे. आणि ज्यांच्याकडे जुन्या एलपी व चालू स्थितीतला रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यांच्याकडेच ते आधी जावे.

ही केवळ जुन्याची हौस नव्हे. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांत संपते, मग कोणालातरी उठावेच लागते. उठलेला माणूस खोलीत एक नजर टाकतो. पाने वाढून झाली का, गप्पा रंगल्या आहेत का, कोपऱ्यातल्या आजी कंटाळल्या आहेत का, हे बघून तो पुढची तबकडी काढतो. फोन आजींकडे बघत नाही.

आता काय लावावे? जेवताना शब्दांची गाणी नकोत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओळखीचे शब्द कानावर पडले की मोठ्यांचे बोलणे अर्धवट राहते, आणि मुलांना ते शब्द कळत नाहीत म्हणून ती बेसमेंटमध्ये पळतात. त्यापेक्षा वाद्ये बरी. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पुष्कळ घरांत आहे. ती काश्मीरमधल्या एका मेंढपाळाच्या दिवसाची कथा आहे. सुरुवात पहाटेच्या अहिर भैरवाने होते आणि शेवट पहाडीने. म्हणून रात्रीच्या जेवणाला दुसरी बाजू लावावी. श्रीखंडाबरोबर पहाट उगवायला नको!

अमेरिकन शेजारी येणार असतील तर पाहुणे जमेपर्यंत अली अकबर खाँसाहेबांची १९५५ची सरोदाची एलपी लावा. ती इथल्या एंजल कंपनीने काढली होती आणि तिच्यात येहुदी मेन्युहिन यांनी सुरुवातीला आपल्या संगीताची ओळख इंग्रजीत करून दिली आहे. राग म्हणजे काय, हे समजावून सांगण्याचे आपले कष्ट वाचतात. ख्याल मात्र जेवताना अजिबात नको. किशोरी आमोणकरांचा भूप ‘अजून थोडं वरण?’च्या गलक्यात ऐकणे म्हणजे त्यांचाही अपमान आणि वरणाचाही.

आमची सर्वांत आवडती निवड प्रभाकर जोग यांच्या ‘गाणारे व्हायोलिन’ची. चाली मराठी गाण्यांच्या, पण शब्द नाहीत. आजी नकळत गुणगुणू लागतात आणि एखादे मूल विचारते, ‘तुम्ही काय म्हणताय?’ तिथे खरे काम सुरू होते. पाने उचलली की त्याच गाण्याची, शब्दांसकट गायलेली तबकडी काढावी, मुलांना वर बोलवावे, दिवे थोडे मंद करावेत आणि ती एक बाजू सर्वांनी गप्प बसून ऐकावी. फक्त वीस मिनिटे. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली आठवड्याला एक गाणे याप्रमाणे वर्षभर चालले. छप्पन्न गाण्यांसाठी लोक पुढच्या आठवड्याची वाट बघत असत. आपल्याला एका रात्री एक बाजू जड का व्हावी? मुले इथे वर्गात दर आठवड्याला क्रियापदे घोकतात, पण मोठी माणसे मराठी ऐकण्यासाठी बोलणे थांबवतात, हे त्यांनी क्वचितच पाहिलेले असते.

पु. लं.च्या कथाकथनाच्या तबकड्यांविषयी आमच्यात मतभेद आहेत. मोठ्यांना त्या पाठ असतात, ते विनोदाच्या आधीच हसतात, आणि मुले त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात.

(आपल्याच गावची एक गंमत सांगून टाकतो. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात नाचाचे संगीत मध्येच थांबवून बातमी दिली गेली, की मंगळावरचे लोक ग्रोव्हर्स मिलला उतरले आहेत. मागे वाजणाऱ्या संगीताकडे या गावाने त्या रात्री तरी नीट कान दिला असेल.)

पालकहो, घाईने लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. मुले कॉलेजला गेली की पुष्कळ घरे विकायला निघतात. तेव्हा बेसमेंटमधली रेकॉर्डची खोकी गराज सेलमध्ये जातात. विमानातून सामानाच्या वजनाचा हिशेब करत आणलेल्या त्या तबकड्या! कव्हरवर कोणाच्या तरी आजोबांनी शाईने नाव आणि तारीख घातलेली असते. प्रिन्स्टनला टुलेन स्ट्रीटवर १९८० सालापासूनच्या धंद्याचे ‘प्रिन्स्टन रेकॉर्ड एक्स्चेंज’ आहे, तिथे जुन्या तबकड्यांची खरेदी-विक्री चालते. पण आजोबांचे अक्षर तिथे विकत मिळणार नाही. खोके हलवण्याआधी मुलांना एकेक कव्हर वाचायला द्या. नावे मोठ्या टायपात असतात, आमच्या दुसरीतल्या मुलांनाही जमतात.

तबकडी उलटण्याचे काम मुलांकडेच द्यावे. कडेने धरायची, खाचांना बोट लावायचे नाही, हे एकदा दाखवले की पुरे. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या मात्र एलपीच्या सुईवर लावू नयेत, त्यांना वेगळी, जाड सुई लागते. आणि आपल्याकडच्या लाकडी जमिनीवर कोणी धावले की सुई उडते, तेव्हा प्लेअर भिंतीतल्या फळीवर ठेवा आणि पकडापकडी अंगणात.