ओकला शोभेल अशी भिंत

आमच्याकडे ओक हे आडनाव आहे. ओक मास्तर असतात, ओक वकील असतात, एखादे ओक पोस्टातून निवृत्त होऊन सकाळी फिरायला जातात. व्याकरणाच्या दृष्टीने ‘ओक’ हे एका क्रियापदाचं आज्ञार्थी रूपही आहे, पण विषय स्वयंपाकघराचा असल्यामुळे तिकडे वळायला नको. सांगायचं इतकंच, की ओक नावाचं लाकूड असतं आणि त्याला शोभेल अशी भिंत शोधावी लागते, हे मला फार उशिरा आणि तेही भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीला कळलं.

दिघाशीला माझ्या चुलतभावाचं घर आहे. त्या घराच्या आढ्याला साग आहे, दारांना साग आहे, देवघराच्या चौकटीला साग आहे. ठाण्याच्या जंगलांत साग, ऐन, खैर हीच मंडळी पिढ्यानपिढ्या राहत आली. ओक बघायचा तर हिमालयात जावं लागतं, आणि तिथेही लोक त्याला बांज म्हणतात. असं असताना माझ्या वहिनीच्या स्वयंपाकघरात वरखाली मिळून अकरा दारांचा ओक उभा राहिला. मी जवळ जाऊन बोटाने वाजवून पाहिला. आत प्लायवूड आणि वर सनमायका. ह्या सनमायकाचं रहस्य तुम्हाला ठाऊक असेलच: कागदावर लाकडाच्या रेषा छापतात, तो राळेसारख्या रसायनात भिजवतात आणि दाबून त्याचा पत्रा करतात. म्हणजे हा ओक नव्हता, ओकचा फोटो होता. फक्त हार घालायचा राहिला होता.

आणि ह्या फोटोला शोभेल असा रंग भिंतीला हवा, म्हणून घरात चार दिवस खल चालला होता. पुतण्या भिवंडीच्या गोदामांत चांगल्या नोकरीवर आहे, त्याने शेडकार्ड आणलं होतं. आपल्या भाषेत श्रीखंडी आहे, अबोली आहे, मोरपंखी, अंजिरी, आमसुली, चिंतामणी आहे. ऐकलं की डोळ्यांपुढे रंग उभा राहतो. शेडकार्डावरची नावं ऐकून फक्त इंग्रजी शाळेतली मुलं उभी राहतात.

माझं भांडण रंगाशी नाही. नवीन धुता येणारे रंग उत्तम आहेत, जुन्या चुन्याला नुसतं टेकलं तरी पाठ पांढरी होत असे, हे मी पुतण्याच्या आधी मान्य करतो. माझं भांडण प्रश्नाशी आहे. ‘कपाटाला काय शोभेल?’ हा प्रश्न स्वयंपाकघरात विचारायचाच कशाला? भिंतीने काय कपाटाशी लग्न लावायचं आहे?

दिवाणखान्याची भिंत दिवसभर नुसती उभी असते, फार तर पाहुण्यांचं बोलणं ऐकते. स्वयंपाकघरातली भिंत नोकरी करते. मोहरी तडतडली की पहिला मारा तिच्यावर. हळदीच्या तेलाचा शिंतोडा उडाला आणि तो तुम्ही साबणाने घासलात, की पिवळा डाग लाल होतो. यात चमत्कार नाही. हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते, आपल्याकडे कुंकू असंच करत आले आहेत. हळदीचा डाग उन्हाने मात्र उडतो. म्हणून आई डाग पडलेलं पातळ धुऊन कडक उन्हात टाकायची. आता भिंत कुठल्या दोरीवर टाकणार? कपाटाला शोभणारा तो हस्तिदंती की कसला रंग पहिल्या आमटीपर्यंतच हस्तिदंती असतो. त्यातून आपल्याकडचा पाऊस. जुन्या भिंतीत ओल मुरलेली असते, वर ऑइलपेंटचे दोन हात मारले की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि गणपतीच्या सुमारास भिंतीला पापड येतात. चुना तिला श्वास घेऊ देत होता.

बरं, रंगसंगतीचं शास्त्र आम्हाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. आजीच्या वेळी चुन्याच्या बादलीत नीळ पडायची. किती? आजी बोट बुडवून बघायची, तेवढी. त्या निळसर पांढऱ्या भिंतीशेजारी सागाचं दार असं उबदार दिसायचं, की पॉलिशची गरज नसे. फ्रान्समध्ये हेच कळायला शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ लागला. गोबलँच्या सरकारी कारखान्यात भिंतीवरचे चित्रपट विणत. तिथल्या रंगखात्यावर तो 1824 साली आला. विणकरांची तक्रार अशी, की काळा धागा काळा दिसत नाही. याने तपासलं तर काळ्याचा दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगाने तो फिका वाटत होता. पुढे 1839 साली त्याने त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला: समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात, नारिंगीला निळा, तांबड्याला हिरवा.

आता हे भिवंडीच्या बाजारात कोणाला शिकवता? मागांचं गाव ते. हिरव्या लुगड्याला तांबडा काठ हे शेव्ह्रलच्या आधीपासून आमच्या बायकांना कळतं. दुकानदाराने साठ साड्या पसराव्यात आणि बाईने दुरूनच म्हणावं, “पोत चांगलं आहे, पण काठ मारतोय.” संपलं! ही नजर ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्याच स्वयंपाकघराचा रंग ठरवायला कोण बसले होते? पुतण्या, चुलतभाऊ, कपाटवाला, रंगारी आणि पाहुणा म्हणून मी. पाच पुरुष. पाचातल्या एकालाही हळद कुठल्या डब्यात आहे हे सांगता आलं नसतं. वहिनी आत-बाहेर करून चहा देत होती.

मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही सांगा. रंग कोणता हवा?”

“कोणता का असेना, भावोजी,” ती म्हणाली. “ते खिडकीवरचं कपाट तेवढं काढायला सांगा.”

सगळे गप्प झाले. मग मी उठून पाहिलं. वरच्या कपाटांची रांग एका ओळीत दिसावी म्हणून शेवटचं कपाट पूर्वेच्या अर्ध्या खिडकीवर ठोकलं होतं. आता सकाळी दहालासुद्धा ट्यूब लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. शेजारच्या वाड्याचा बारीक कोलम, त्यात पांढरा खडा. वीज गेली की ती सूप घेऊन पडवीत जाऊन बसते.

“आई, ते काढलं तर वरची लाइन तुटेल,” पुतण्या म्हणाला.

“तुटू दे. पंचवीस वर्षं तिथल्या उजेडात स्वयंपाक केलाय मी.”

तर असा हा कारभार आहे. आधी उजेडावर कपाट ठोकायचं, मग खोली अंधारी दिसते म्हणून फिकट रंग शोधायचा, म्हणजे फुकट येणारा उजेड अडवून तो डब्यातून विकत आणायचा, आणि तो छापील लाकडाला शोभतो का यावर चार दिवस चर्चा करायची. शिवाय दुकानाच्या दिव्याखाली निवडलेला रंग घरच्या दिव्याखाली तोच दिसेल याची खात्री नाही. पिवळ्या बल्बखाली जो लोणी दिसतो तो पांढऱ्या ट्यूबखाली आजारी दिसतो. रंगाचा डबा घेण्याआधी वीतभर भिंत रंगवून सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला बघावी, हे रंगाऱ्याने स्वतः मला बाजूला घेऊन सांगितलं. सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस, म्हटलं, तर म्हणाला, “साहेब, मला कोणी विचारलं नाही.” म्हणजे त्या घरात न विचारलेली माणसं दोन होती.

चुलतभावाने शेवटी कपाट काढायचं कबूल केलं आहे. कपाटवाल्याचं म्हणणं, काढून दिलं तर सगळ्या कामाची हमी गेली. सुतार मात्र येत्या रविवारी नक्की येतो म्हणाला आहे. सुतारांचे रविवार कसे असतात ते आपण जाणतो, म्हणून पुढच्या खेपेच्या पिशवीत मी स्क्रूड्रायव्हर घालून ठेवला आहे, आणि नीळही एक पुडी.