लालबागेतील फुले, कपाटातील पाने

बंगळुरूला आलेला मराठी पाहुणा हैदर अलीने १७६० मध्ये आरंभलेली लालबाग आवर्जून पाहतो. पुष्पप्रदर्शनाच्या दिवसांत १८८९ च्या काचघरापाशी पाय ठेवायला जागा नसते. मला मात्र याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, म्हणजे हर्बेरियम, अधिक मोलाचा वाटतो. हसन जिल्ह्यातील वनस्पतींवरचा साल्डान्हा-निकोल्सन यांचा १९७६ चा ग्रंथ अशाच नमुन्यांवर उभा आहे. कागदावर चिकटवलेली फांदी, स्थळ, दिनांक, संग्राहकाचे नाव. हा जंगलाचा सातबाराच. जंगल तुटल्यावर तिथे काय होते, याचा दुसरा पुरावा कोणता? तिकीटविक्रीवर उपयुक्तता मोजणाऱ्या अंदाजपत्रकात ही कपाटे बसत नाहीत. लालबागेच्या तिकिटातला एक रुपया त्यांच्यासाठी राखावा, असे मी सुचवीन; उद्यान राज्याचे, संस्था केंद्राच्या अनुदानावरची, लेखाशीर्षे वेगळी, हे ठाऊक असूनही.