यंत्राचे व्याकरण आणि आपण

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कॉम्प्युटरचा विषय का काढावा, असे कुणी विचारील. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. वडील म्हाळुंग्याला एका वर्कशॉपात मशीन चालवतात. यंत्रे मी लहानपणापासून पाहतो आहे. पण हे लिहितो आहे ते मराठीचा विद्यार्थी म्हणूनच.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवतो तो कंपायलर. म्हणजे भाषांतरकारच म्हणा ना! आता पाच भाषा आणि चार जातींची यंत्रे असतील तर वीस भाषांतरकार हवेत. मध्ये एक समाईक भाषा ठेवली, की पाच आणि चार मिळून नऊतच भागते. चाकणच्या कोणत्याही शॉपवर जाऊन पाहा. ओडिया, तमिळ, भोजपुरी, मराठी बोलणारे कामगार तोडक्यामोडक्या हिंदीत एकमेकांचे काम भागवतात. ती त्यांची मधली भाषाच.

ही युक्ती जुनी आहे. 'एलएलव्हीएम'ने तिचे सुटे भाग करून दिले, ज्याला हवा त्याने उचलून आपल्या कामाला लावावा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 2000 साली हे काम सुरू झाले. करणारे दोघे: ख्रिस लॅटनर हा विद्यार्थी आणि विक्रम आडवे हे त्याचे प्राध्यापक. आडवे हे आपल्या मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले. आज स्विफ्ट, रस्ट, ज्युलिया या प्रोग्रॅमिंगच्या भाषा याच पायावर उभ्या आहेत. आणि हे सारे फुकट! नुसते वापरायला नव्हे, तर आतले वाचायला आणि बदलायलासुद्धा.

सर्वांना खुले, असे म्हणतात खरे. पण माझा एक मित्र आयटीआय करून ऑपरेटर झाला. मशीनच्या प्रोग्रॅममधली चूक तो नुसत्या नजरेने काढतो. त्याला मी एलएलव्हीएमचा 'कॅलिडोस्कोप' हा पाठ दाखवला. एक छोटी भाषा स्वतः कशी बनवावी, हे त्यात पायरीपायरीने सांगितले आहे. पहिले पान संपायच्या आतच त्याने मोबाइल परत दिला. डोके कमी पडले नाही, इंग्रजी कमी पडले.

मीही डिक्शनरी घेऊन बसलो तेव्हा कुठे तीन प्रकरणे झाली. आणि गंमत पाहा, पहिल्या प्रकरणात मजकुराचे शब्द सुटे करायचे, दुसऱ्यात त्यांची रचना उलगडायची. हे तर शाळेतले वाक्यपृथक्करण! बाईंनी छडी घेऊन 'व्याकरण चालवा' म्हटले की आम्ही करत होतो तेच. तिसऱ्यात मधल्या भाषेत उतरवणे आले. तेथे मात्र माझी दमछाक झाली.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की या पाठाचे मराठी आपण कलाशाखेच्या मुलांनी करावे. 'पुढे इंग्रजीच लागणार, मग मराठीची उठाठेव कशाला?' असे काही मित्र म्हणतात. पुढे लागेल हे खरेच. पण दारातच अडलेल्याला पुढचे काय सांगता? शास्त्रशाखेच्या मित्रांनी अर्थ तपासावा, भाषा आम्ही सांभाळू.

पहिले प्रकरण मी वहीत उतरवले आहे. 'टोकन'ला शब्द म्हणावे, पद म्हणावे की टोकनच ठेवावे, येथे अडलो आहे. माझ्या मित्राचे म्हणणे टोकनच ठेव; शॉपवर तेच कळेल. मराठीच्या सरांना अजून विचारायचे आहे.